दोन भोवरे

मालसुन दारातून आत आली ती गळ्यातला हिरवा स्कार्फसुद्धा न काढता सरळ आरशासमोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, तुझं केस कापायचं मशीन दे गं शनिवारपुरतं. नाहीतर असं कर, तूच चल."

"कुठे?"

"चौकात. आम्ही बायका मुंडण करणार आहोत."

बाजूच्या खुर्चीत तिळाच्या तेलाची दुकानदारीण डोकंभर रोलर लावून, वर टॉवेल बांधून बसली होती. तिनं मासिकातून मान वर केली. "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. आपल्या साहेबांना अजून सोडलं नाही म्हणून."

"त्यांना सोडलं नाही म्हणून तुझे केस जायचे? त्यांना तुरुंगाच्या खिडकीतून दिसणार आहेत का ते?"

"तुम्ही तेल विका," मालसुन म्हणाली.

इन्सुकनं तेलवालीचा टॉवेल सारखा केला. छंगजू शहराच्या मोठ्या बाजारामागच्या गल्लीत तिचं हे पार्लर चाळीसेक वर्षांचं होतं. भिंतीवर पूर्वीच्या नट्यांचे फोटो होते, पण हल्ली येणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना एकच गोष्ट हवी असायची. केस बारीक कापा आणि घट्ट कुरळे करा, म्हणजे दोन-तीन महिने बघायला नको. मालसुनचे केसही तसेच होते. ती इन्सुकहून चार वर्षांनी धाकटी, म्हणजे आता अडुसष्टची. तिचं नावच मुळी 'शेवटची' अशा अर्थाचं. आईबापांनी यापुढे मुलगा होईल या आशेनं ठेवलेलं.

नवरा गेल्यावर मालसुन दोन वर्षं टीव्हीसमोर बसून होती. टीव्ही लावलेला असायचाच असं नाही. इन्सुक भाताचा डबा घेऊन जायची आणि आदल्या दिवशीचा तसाच परत आणायची. मग एकदा निवडणुकीआधी नामगुंग साहेब बाजारात आले. आधी प्रांताचे राज्यपाल होते, आता आणखी वर जायचं होतं. सगळेच पुढारी करतात तसं त्यांनी फिशकेकच्या, म्हणजे माशाच्या वड्यांच्या गाडीवर उभं राहून काडीवरचा फिशकेक खाल्ला, कपातलं त्याचंच गरम पाणी फुंकून प्यायले, आणि समोर उभ्या असलेल्या मालसुनचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून म्हणाले, "जेवलात का?"

सगळं गाव एकमेकांना हेच विचारतं. पण मालसुन त्या दिवशी घरी जाऊन जेवली.

पुढे तिला मैत्रिणी मिळाल्या, गाणं मिळालं, हिरवा स्कार्फ मिळाला. शनिवारी चौकात जायचं ठरलं, त्यामुळे शुक्रवारी केस धुणं आलं. साहेब निवडणूक हरले तेव्हा मोजणीत गडबड झाली असं ठरलं. साहेबांना कुठल्याशा प्रकरणात अटक झाली तेव्हा ते प्रकरणच खोटं असं ठरलं. ते खरं की खोटं, हे इन्सुकला कधी कळलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. मालसुन जेवत होती. तिच्या फ्रिजमध्ये टोफूचा एक कोरा ठोकळा कायम असायचा. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला दारातच पांढरा टोफू खायला देतात, तो. साहेब कधी सुटतील याचा नेम नाही, म्हणून ती दर आठवड्याला ताजा आणून ठेवायची आणि शिळा स्वतः रश्शात घालून खायची.

"मग येतेस ना?" मालसुननं विचारलं. "आयोजकांनी कुठला तरी माणूस ठरवलाय. मागच्या वेळी त्यानं एकीचा कान कापला."

"बघते," इन्सुक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालसुनचा मुलगा थेसोप आला. तो एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवायचा. दाट काळे केस, लहानपणापासून एकाच बाजूला दाबून विंचरलेले. त्यानं बूट काढले नाहीत, बसलाही नाही.

"मावशी, तू आईला समजाव. माझं ती ऐकत नाही."

"माझं कधी ऐकलंय तिनं?"

"अगं, ही सरळ बुवाबाजी आहे. तो माणूस पुढारी नाहीच, बुवा आहे. बघ ना, त्याच्या नावाची गाणी काय, कपडे काय, रडणं काय. तू आणि आई लहानपणी त्या वस्तीत होतात ना? आजी तुम्हाला घेऊन गेली होती तिथे? तीच गोष्ट आहे ही. तूच तिला सांगू शकतेस."

"तुला वस्तीचं काय माहीत?"

"आईनंच सांगितलंय. सगळ्यांना लुबाडलं त्या भोंदूनं." त्यानं फोन काढून वेळ बघितली. फोनच्या पाठीवर केशरी स्टिकर होतं, दुसऱ्या पक्षाच्या पुढारीणबाईंचा हसरा चेहरा. इन्सुक त्याच्याकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. "ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या प्योनताई कायद्याचं बोलतात. आकडे देतात."

"आपल्या," इन्सुक म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

तिला तो शब्द फार दिवसांनी वेगळा ऐकू आला. वस्तीत तो दिवसातून शंभरदा ऐकू यायचा. दोन डोंगरांच्या मधल्या अरुंद जागेत मातीची घरं होती, आणि वरच्या बाजूला 'आपले वडील' राहायचे. नाव कोणी घेत नसे. आपल्या वडिलांना आज बरं नाही. आपल्या वडिलांनी आज कांदा खाल्ला नाही, म्हणून कोणीच खायचा नाही. इन्सुकचे स्वतःचे वडील खाली मुलींबरोबर एकाच घरात, एकाच चटईवर बसलेले असायचे, आणि आई 'वडील' म्हणाली की दोघी मुली डोंगराकडे बघायच्या. एका सकाळी ते बोचकं उचलून खाली निघून गेले. भांडण झालं नाही, दार आपटलं नाही. आई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. घर मोडतं तेव्हा काही आवाज होत नाही, हे इन्सुकला बाराव्या वर्षी कळलं. वडील पुन्हा कधी दिसले नाहीत.

त्याच साली वरचं मोठं सभागृह बांधायला घेतलं. 'आपल्या वडिलांनी' सांगितलं, वस्तीतल्या प्रत्येक बाईचे केस सभागृहाच्या पायात पुरायचे. शेवटच्या दिवशी आकाश उघडेल तेव्हा त्या केसांना धरूनच एकेकीला वर ओढून घेतलं जाईल. बायका रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येक जुडग्याला पांढरा दोरा आणि दोऱ्याला एक खास गाठ, उलट्या पानासारखी. ती वस्तीतच शिकवायचे. आईनं आधी स्वतःचे दिले, मग इन्सुकचे, मग आठ वर्षांच्या मालसुनचे.

"मावशी, ऐकतेस ना?"

"ऐकतेय. तू काय म्हणत होतास?"

"तिनं मुंडण केलं, तर छुसोकच्या सणाला आम्ही येणार नाही. बायकोला माहेरी घेऊन जाईन. मुलांनाही. माझ्या क्लासमध्ये पोरं फोनवर व्हिडिओ दाखवतात मला, सर ही तुमची आई ना म्हणून. तिला सांग हे."

"तूच सांग की."

"मी सांगितलं तर ती नक्की करील." आणि तो गेला.

इन्सुकनं खुर्ची पुसली. स्वतःच्या आईला तिनं एकदा सांगून बघितलं होतं. अठराव्या वर्षी ती राजधानीत विगच्या कारखान्यात कामाला लागली. तेव्हा देशातल्या पोरी तिथे बाकांवर बसून दुसऱ्या देशातल्या बायकांसाठी केस गुंफायच्या. पोत्यांनी केस यायचे. एक दिवस कोपऱ्यातलं एक जुनं पोतं उसवलं, तर आत पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली जुडगी, आणि दोऱ्याला उलट्या पानाची गाठ. तिनं एक दोरा खिशात घातला, सुट्टी काढून वस्तीत आली आणि आईच्या पुढ्यात ठेवला. केस पायात नाहीत, आई. विकले. आईनं दोरा हातात घेतला, उलटापालटा करून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे आता कुठल्या कुठल्या देशातल्या बायकांच्या डोक्यावर आपलं पुण्य गेलं म्हण." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

आई वाईट नव्हती की खुळीही नव्हती. इन्सुकला तिचा राग येऊन गेला, कीव येऊन गेली, आता नुसता तो आवाज राहिला होता, शेंगा सोलताना सुपात दाणे पडण्याचा.

शुक्रवारी मालसुन केस धुवायला आली. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. इन्सुकनं स्टोव्हवर शेवयांचं सूप ठेवलं आणि दोघी आतल्या उंच ओट्यावर मांडी घालून बसल्या.

"थेसोप आला होता," इन्सुक म्हणाली.

"मला कळलंच. तेलवालीनं सांगितलं. बाजारात तिच्या तोंडाला गिऱ्हाईक जास्त, तेलाला कमी."

"तू केस काढलेस तर छुसोकला येणार नाही म्हणतो. मुलांनाही आणणार नाही."

मालसुननं शेवया उचलल्या, फुंकल्या, परत वाडग्यात ठेवल्या. "तो त्या बाईच्या सभेला जातो तेव्हा मी काही म्हणते का? केशरी टोपी घालून ओरडत असतो. त्याच्या बापानं कधी घरात आवाज चढवला नव्हता."

"तेच तुला सांगतेय. तुम्ही दोघं तुटाल."

"तुला वाटतं मला कळत नाही?" मालसुन सावकाश म्हणाली. "साहेब देव नाहीत. मला माहीत आहे. तू आईला तो दोरा दाखवलास तेव्हा मी दाराआड होते. मला तेव्हाच सगळं कळलं होतं."

इन्सुकनं चमचा खाली ठेवला. इतक्या वर्षांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"पण तुला आठवतं का, माझे केस कापले त्या दिवशी आपल्या वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता? रांगेतल्या कुणाच्या नाही, माझ्याच. बोडक्या डोक्यावर."

"आठवतं."

"गरम होता."

"तो माणूस खोटा होता, मालसुन."

"होता ना. हात खोटा नव्हता." तिनं शेवया खाल्ल्या. "मग आयुष्यात माझ्या डोक्याला हात कोणी लावला? तू. तोही कात्री घेऊन."

इन्सुकला हसू आलं. मालसुनही हसली. वाडगी विसळताना इन्सुक म्हणाली, "उद्या मी येते. तो कानकाप्या नको."

शनिवारी चौकात ऊन चांगलं होतं. एका बाजूला हिरवे स्कार्फ, मध्ये पोलिसांची रांग, पलीकडे केशरी टोप्या. दोन्हीकडे कर्णे. हिरवे गाणं म्हणायला लागले की केशरी शिट्ट्या वाजवायचे, आणि केशरी गाणं म्हणायला लागले की हिरवे डबे बडवायचे. चालींत फारसा फरक नव्हता. इन्सुकला त्या गर्दीत थेसोप दिसला नाही, पण तिनं शोधलंही नाही.

मंचावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. बायका पांढरी चादर पांघरून बसल्या. एकदोघी रडत होत्या, कॅमेरेवाले त्यांच्याजवळ जमले. मालसुन रडत नव्हती. ती लग्नाला आल्यासारखी ताठ बसली होती.

इन्सुकनं आधी कात्रीनं कुरळे केस उतरवले, मग मशीन लावलं. वरच्या भागाशी आल्यावर ती थांबली. तिथे दोन भोवरे होते, शेजारी शेजारी, एक इकडे फिरणारा, एक तिकडे. इन्सुकला ते माहीत होते. दोनतीन महिन्यांनी एकदा ती त्यांच्यावर कुरळे केस आणून बसवायची.

"दिसतात का?" मालसुननं खालच्या आवाजात विचारलं.

"दिसायचेच."

"दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. माझं एक राहिलंच की गं."

"हलू नकोस. कान जाईल."

शेजारच्या खुर्चीतली रडणारी बाई रडायची थांबून दोघींकडे बघायला लागली.

केस पांढऱ्या कापडात बांधून साहेबांना पाठवायचे होते. तुरुंगाच्या दारावर ते घेतले नाहीत, असं नंतर कळलं. मग त्या कापडाचं काय झालं, ते कोणी सांगितलं नाही. इन्सुकनंही विचारलं नाही.

छुसोकला थेसोप आला नाही. मालसुननं तांदळाचे पेढे आधीच वाफवून ठेवले होते, तिळाचं सारण भरून, नातवंडांना आवडतात तसे. पूर्वजांचं पान मांडायला घरात पुरुष नव्हता, तर तिनं स्वतः मांडलं, डोक्याला विणलेली टोपी घालून, आणि बाजूला इन्सुक. नमस्कार करताना टोपी घसरून पानावर पडली. दोघींनी ती उचलली नाही, आधी नमस्कार पुरा केला. पेढे फ्रीझरमध्ये गेले.

पानं गळायच्या सुमारास साहेब सुटले. मालसुन पहाटेपासून बाकीच्या बायकांबरोबर तुरुंगाच्या दारात उभी होती, डब्यात टोफू घेऊन. काळ्या काचांची गाडी बाहेर आली आणि न थांबता निघून गेली. संध्याकाळी ती इन्सुककडे आली, डबा टेबलावर ठेवला.

"थांबली नाही का?"

"घाईत असतील," मालसुन म्हणाली. "किती माणसं भेटायची राहिली असतील त्यांना."

आवाज अगदी आईचा होता. इन्सुकनं सुरी घेतली, टोफूचे जाड तुकडे केले, वर सोया सॉस आणि कांद्याची पात घातली. दोघींनी तो किमचीबरोबर खाल्ला. चांगला ताजा होता.

शनिवार चालूच राहिले. पण फ्रिजमधली ती जागा आता रिकामी होती, आणि मालसुन कधीकधी फ्रिज उघडून नुसतीच उभी राहायची. थेसोपचा फोन येत नव्हता. तिनंही केला नाही. इन्सुकच्या मनात मात्र ते बोचकं उचलून चाललेले वडील पुन्हा पुन्हा यायला लागले. मालसुनच्या डोक्यावर केस हळूहळू उगवत होते, पांढरे, मऊ, आणि दर मंगळवारी ती कडा सारख्या करून घ्यायला येत होती.

थंडी पडली तेव्हा प्योनताईंचं पद गेलं. कुणाशी तरी बसल्याचे कसले तरी फोटो निघाले होते. फोटो बनावट आहेत असं थेसोप म्हणाला. हे त्यानं इन्सुकच्या दुकानात येऊन सांगितलं. या वेळी तो बसला.

"मावशी, तुझं मशीन चालू आहे ना?"

"कशाला?"

त्यानं हातातली टोपी फिरवली. "आम्ही सगळे शनिवारी मुंडण करणार आहोत. चौकात. पण मी म्हटलं, आधी तुझ्याकडूनच करून जावं. तिथला माणूस..."

"कान कापतो."

"तुला कसं माहीत?"

"सगळ्यांनी एकच माणूस ठरवलाय, म्हणून." तेवढ्यात तेलवाली दारात आली, तिला इन्सुकनं खुर्ची दाखवली. "आज गर्दी आहे, बाबा. तू मंगळवारी ये. दुकान बंद असतं, निवांत करून देते."

तेलवालीनं थेसोप जाईपर्यंत दम धरला. "मंगळवारी तर मालसुन येते."

"येते खरी."

"मी येऊ?"

"तुम्ही तेल विका," इन्सुक म्हणाली.

मंगळवारी थेसोप आधी आला. इन्सुकनं त्याच्या गळ्याभोवती चादर बांधली. तो आरशात न बघता बोलत होता. प्रकरण कसं रचलेलं आहे, तारखा कशा जुळत नाहीत, आकडे कसे खोटे आहेत, आपल्या प्योनताईंनी काय काय सोसलं आहे. इन्सुक हो-हो म्हणत होती. बाजूला दाबून विंचरलेले केस कात्रीनं उतरले, मग मशीन फिरलं. अर्धं डोकं झालं होतं तेव्हा दार सरकलं.

मालसुन हातमोजे काढत आत आली आणि तिथेच थांबली. थेसोपनं आरशात तिला बघितलं. तो उठायला गेला, पण चादर बांधलेली होती, आणि अर्ध्या डोक्यानं माणूस जाणार कुठे.

"मावशी," तो म्हणाला.

"हलू नकोस," इन्सुक म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

मालसुन स्टोव्हजवळच्या स्टुलावर बसली. काळे केस चादरीवरून घसरून फरशीवर पडत राहिले. इन्सुक डोक्याच्या वरच्या भागाशी आली, तिथून एकदा मशीन फिरवलं, फुंकर मारली आणि बाजूला झाली.

मालसुन उठून जवळ आली.

"हे बघ," ती इन्सुकला म्हणाली, जणू खुर्चीत कोणी बसलेलंच नाही. "ह्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा चार दिवस मी ह्याचे केस पाण्यानं दाबून दाबून विंचरत होते. तिच्या आईला दिसले असते तर लग्न मोडलं असतं."

"काय दिसले असते?" थेसोपनं विचारलं.

"तुला दोन भोवरे आहेत. माझ्यासारखेच."

"मला कोणी सांगितलं नाही कधी."

"सांगून काय करणार होतास? दुसरं लग्न?"

तो हसला नाही, पण त्याचे खांदे जरा खाली आले. मग म्हणाला, "फोटो खरंच बनावट आहेत, आई."

"असतील."

"तुझ्या साहेबांसारखं नाही ते."

"आमच्या साहेबांचं प्रकरणही तसं नव्हतंच," मालसुन म्हणाली. "राहू दे आता."

तिनं टोपी काढून स्टुलावर ठेवली. तिच्या डोक्यावर बोटभर पांढरे केस उभे होते. थेसोप आरशात ते बघत राहिला. इतक्या जवळून त्यानं ते अजून बघितले नव्हते. मालसुननं हात पुढे केला, क्षणभर तसाच धरला आणि त्याच्या बोडक्या डोक्यावर ठेवला, बरोबर दोन भोवऱ्यांवर.

इन्सुक मशीन हातात धरून उभी होती. तिला ते दोन डोंगर आठवले, ती रांग, आणि रांगेतून वर बघणारी आठ वर्षांची पोर.

"गार आहे तुझा हात," थेसोप म्हणाला.

"बाहेर बर्फ आहे. काढू?"

त्यानं डोळे मिटले होते.

"राहू दे."